एका पेशीपासून मडकं: कृत्रिम गर्भविकासातून त्रिमितीय आकार उत्क्रांत करताना

खटपट्या | ४ जानेवारी, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो. गेले चार महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी कॉम्प्युटरवर एक गर्भ वाढवतोय. खरा नाही अर्थात. २० बाय २० बाय २० चौकड्यांचा एक ठोकळा आहे, एकूण ८००० जागा, त्यात मधोमध एकच पेशी ठेवायची आणि तिला एक जीनोम द्यायचा. त्या जीनोममध्ये २४ जनुकं, प्रत्येक जनुक म्हणजे एक साधा नियम, अमुक द्रव्य इतक्याच्या वर गेलं तर तमुक द्रव्य सोड, किंवा विभाजन कर, किंवा मरून जा. द्रव्यं शेजारच्या चौकड्यांत झिरपतात आणि हळूहळू विरतात. विभाजन झालं की नव्या पेशीत तोच जीनोम जसाच्या तसा जातो. असे ६० टप्पे चालवायचे आणि शेवटी जो गोळा तयार होईल तो मला हव्या असलेल्या आकाराशी ताडून बघायचा, जुळेल तसे गुण द्यायचे. एका पिढीत असे २०० गर्भ, त्यातले चांगले निवडायचे, त्यांच्या जीनोमची सरमिसळ करायची, थोडं म्युटेशन टाकायचं, म्हणजे कुठेतरी एखादा नियम सहज बदलायचा, पुढची पिढी.

मला जे वेड लागलंय ते असं की या जीनोममध्ये आकार कुठेच लिहिलेला नाही. कुठलीही पेशी "आपण गोल होऊया" असं ठरवत नाही, तिला फक्त आपल्या आत काय आहे आणि शेजारून काय झिरपतंय एवढंच कळतं, आणि तरी शेवटी आकार येतो.

आता अडचण. मला मडकं हवंय. आत पोकळ, वर तोंड. पहिल्या प्रयत्नात ३०० पिढ्या झाल्या आणि सगळ्यात जास्त गुण कुणाला मिळाले तर ज्या गर्भात पहिली पेशीच मरून गेली आणि काहीच वाढलं नाही त्याला! दोन रात्री कोड तपासला तेव्हा कळलं. मडक्याच्या भिंतीत साधारण ७०० पेशी, उरलेल्या ७३०० जागा रिकाम्याच असायला हव्यात, मग काहीच न वाढलेल्या गर्भाच्या ७३०० जागा आपोआप जुळतात, म्हणजे ९१ टक्के गुण बसल्या जागी. ते सुधारलं, भिंतीचे गुण वेगळे आणि पोकळीचे वेगळे काढून दोन्हींचा गुणाकार घेतला. आता वाढतंय, पण भरीव चेंडू वाढतोय. पोकळी नाही, तोंड तर नाहीच. जीवशास्त्रातलं कुणी असेल तर मदत करा, कारण अडचण कोडची नाहीये असं मला मनापासून वाटतंय.

लाकूडकाम | ५ जानेवारी, सकाळी ८:१५

दादा वाचलं. माझा कोल्हापूरला फर्निचरचा धंदा आहे, सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं यंत्र आहे, रोज थ्रीडी मॉडेल बनवतो. मडकं तर मी अर्धी रेषा काढून आसाभोवती फिरवली की दोन मिनिटांत होतं. मग ही एवढी लांबची वाट कशासाठी? खरंच समजून घ्यायचंय म्हणून विचारतो.

खटपट्या | ५ जानेवारी, दुपारी १:३०

बरोबर प्रश्न आहे. मडकं नुसतं हवं असेल तर तुमचीच पद्धत. पण मला मडकं कसं बनतं ते कुणीही न सांगता बनायला हवंय, आणि ते कसं बनलं ते मागे जाऊन बघायचंय. दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे, ते कुणीतरी माझ्यापेक्षा नीट सांगेल.

रानवारा | ५ जानेवारी, रात्री ९:०५

मी सांगते. मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला असते, कृत्रिम जीवन याच विषयात मास्टर्स केलं, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

लाकूडकाम, तुम्ही टेबल बनवता तेव्हा चार पाय चार वेळा वेगवेगळे डिझाइन करता का? नाही ना, एक पाय काढता आणि चार वेळा वापरता. आता समजा उत्क्रांतीला आपण ८००० जागांची यादी दिली, प्रत्येक जागेला एक आकडा, भरलेली की रिकामी. यात एक म्युटेशन म्हणजे एक चौकडी इकडची तिकडे. पाय दोन इंच लांब करायचा तर शेकडो म्युटेशनं एकाच वेळी योग्य जागी पडायला हवीत आणि तीसुद्धा चारही पायांत सारखी, नाहीतर टेबल डुगडुगणार. याउलट "असा पाय चार ठिकाणी वाढव" असा नियम असेल तर एका बदलात चारही पाय लांब होतात. ग्रेगरी हॉर्नबी आणि जॉर्डन पोलॅक यांनी २००१ मध्ये नेमकं टेबलावरच हे करून दाखवलं. उंची, वरचा पृष्ठभाग, स्थिरता आणि किती ठोकळे फुकट गेले यावर गुण द्यायचे, आणि एकीकडे सरळ यादी तर दुसरीकडे वाढीचे नियम. नियमांवाली टेबलं सरस ठरली.

ते नियम म्हणजे एल-सिस्टीम, आणि त्याचा जनक इथलाच, माझ्या गावातला. अरिस्टिड लिंडेनमायर, मूळचा हंगेरीचा वनस्पतिशास्त्रज्ञ, उट्रेख्ट विद्यापीठात होता. १९६८ मध्ये त्याने शेवाळाची वाढ लिहिण्यासाठी ही पद्धत काढली. सगळ्यात साधं उदाहरण वहीत करून बघा: अ च्या जागी अब लिहा, ब च्या जागी अ लिहा, सगळी अक्षरं एकाच वेळी बदला. अ, अब, अबअ, अबअअब... अक्षरं मोजा, १, २, ३, ५, ८, १३. दोन ओळींचे नियम आणि त्यातून हे.

आणि धंद्यातलं उदाहरण पाहिजे तर नासाचं बघा. २००६ च्या मार्चमध्ये त्यांनी एसटी-५ नावाचे तीन छोटे उपग्रह सोडले, त्यांच्यावरचा अँटेना उत्क्रांतीने बनवलेला होता. जीनोममध्ये तारेचा आकार नव्हताच, पुढे जा, या आसाभोवती इतका वळ, इथे फाटा फोड, अशा आज्ञा होत्या आणि त्या चालवल्या की तार वाढत जायची. दिसायला वेडीवाकडी पिळलेली पेपरक्लिप. मध्येच मोहिमेची कक्षा बदलली आणि जुना अँटेना चालेना, तर महिन्याभरात नवा उत्क्रांत करून दिला. माणसाने पाटी पुसून पहिल्यापासून डिझाइन केलं असतं तर?

लाकूडकाम | ५ जानेवारी, रात्री ९:४०

टेबलाचं एकदम पटलं ताई. एक पाय बदलला की चारही बदलायला हवेत ही तर आमची रोजची मारामारी.

निशिगंधा | ६ जानेवारी, दुपारी ४:२०

खटपट्या, मी बावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, गर्भविज्ञान माझा आवडीचा पेपर. तुझं म्हणणं खरं आहे, अडचण कोडमध्ये नाही. एकेक करून सांगते.

आधी तोंड. तुझी पहिली पेशी मधोमध आहे, तिच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळं सारखं. द्रव्यंही चहूकडे सारखीच झिरपतात. मग वरची पेशी आणि खालची पेशी यांना आपण वेगळ्या आहोत हे कळणार कसं? सगळ्यांकडे जीनोम तोच आणि शेजारही सारखाच, चेंडूच होणार. निसर्ग हा भेद बहुतेक वेळा अंड्यातच घालून ठेवतो. फळमाशीच्या अंड्यात आई एका टोकाला बायकॉइड नावाच्या जनुकाचा संदेश ठेवून देते, त्यापासून प्रथिन बनतं आणि ते टोकापासून दूर जाताना विरळ होत जातं. जिथे दाट तिथे डोकं, पुढे पातळ होत जाईल तसे त्यामागचे भाग. १९८८ मध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेतून हे पुढे आलं आणि १९९५ चं नोबेल त्यांना, एरिक विशाउस आणि एडवर्ड लुईस यांना मिळालं. तेव्हा तुझ्या ठोकळ्याच्या एका भिंतीवर "आईचं द्रव्य" ठेव, दुसरं काही नको.

एक द्रव्य दाट-पातळ असलं की त्यातून वेगवेगळे भाग कसे पडतात हे लुईस वोल्पर्टने १९६९ मध्ये फ्रान्सच्या झेंड्याच्या उपमेने मांडलं. एका टोकाला द्रव्य जास्त म्हणून निळी पेशी, मध्यम असेल तिथे पांढरी, कमी असेल तिथे लाल. पेशीला आपला पत्ता असा द्रव्यावरून कळतो. आणि ही नुसती कल्पना नाही. कोंबडीच्या पंखाच्या कळीत मागच्या कडेला एक छोटा तुकडा असतो, सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी १९६८ मध्ये तो काढून पुढच्या कडेलाही लावला, तर पंखाला बोटं आली दुप्पट आणि आरशातल्यासारखी, ४-३-२-२-३-४. तो तुकडा काय सोडतो ते १९९३ मध्ये सापडलं, सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन. आमच्या वर्गात मुलं हे नाव ऐकून हसायची, व्हिडिओ गेमवरूनच ठेवलंय ते.

आता पोकळी. तुझ्या यादीत "मरून जा" हा नियम आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. लोकांना वाटतं गर्भ म्हणजे नुसती वाढ. अरे, तुझ्या हाताची बोटं सुटी झाली ती मधल्या पेशी मेल्या म्हणून. सी एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा गोलकृमी आहे, त्याची प्रत्येक पेशी मोजलेली आहे. वाढताना १०९० पेशी तयार होतात, त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात आणि उरतात ९५९. कुठली मरणार तेही दर वेळी तेच. तेव्हा गुण देताना पोकळीकडे नीट लक्ष दे आणि टप्पे वाढव, मरायलाही वेळ लागतो.

अजून एक जाता जाता. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर बाईंनी कोंबडीच्या भ्रूणावर खूप काम केलं, त्यांच्यामुळे माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना हा विषय लागला. मी पहिल्यांदा अंड्याला खिडकी पाडून तिसऱ्या दिवसाचा भ्रूण बघितला तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. पिवळ्या बलकावर लाल धाग्यांचं जाळं आणि त्याच्या मध्ये एक ठिपका, मोहरीपेक्षा फार मोठा नसेल, आणि तो धडधडतोय. अख्खी प्रयोगशाळा गप्प झाली होती.

खटपट्या | ६ जानेवारी, रात्री १०:१०

ताई, तुम्ही माझे चार महिने वाचवलेत. आजच लावतो.

गणिती | ७ जानेवारी, रात्री ११:००

सगळं सुंदर लिहिलंय पण एक वेगळी बाजू मांडतो. आकारच उत्क्रांत करायचा तर पेशी, द्रव्यं, ६० टप्पे हे सगळं लागतंच का? केनेथ स्टॅन्लीने २००७ मध्ये सीपीपीएन मांडलं, म्हणजे सूत्रांचं एक छोटं जाळं. त्याला क्ष, य, झ हे तीन निर्देशांक द्या, ते सांगतं इथे पदार्थ आहे की नाही. जाळ्यात साइन असेल तर पुनरावृत्ती येते, घंटेच्या आकाराचा वक्र असेल तर सममिती येते. म्हणजे गर्भविकासातून जे मिळतं ते मिळालं आणि वाढवायचा वेळही वाचला. २०११ मध्ये कॉर्नेलच्या जेफ क्लून, जेसन योसिन्स्की आणि हॉड लिप्सन यांनी एंडलेसफॉर्म्स नावाची साइट काढली, ब्राउझरमध्येच लोक आवडलेले आकार निवडायचे आणि त्यांची पिल्लं पुढच्या पडद्यावर यायची, दिवे, फुलपाखरं, चेहरे, काय काय निघालं त्यातून. २०१३ मध्ये १० बाय १० बाय १० चौकड्यांचे मऊ रोबो केले, दोन प्रकारचे स्नायू, मऊ ऊती आणि हाड, आणि ते सिम्युलेशनमध्ये उड्या मारत, सरपटत चालायला लागले. तुमच्या मडक्याला सीपीपीएनमध्ये एक संध्याकाळ पुरेल.

रानवारा | ८ जानेवारी, पहाटे २:३०

गणिती, तुमची माहिती अचूक आहे आणि नुसता आकार हवा असेल तर मीही आज तेच वापरेन. पण त्यात काळ नाही. प्रत्येक जागेला आपला पत्ता वरून मिळतो, शेजाऱ्याशी बोलायची गरजच नाही. म्हणजे एक तुकडा तोडला तर त्याला ते कळायचा मार्गच नाही, तुम्हाला सगळं परत छापावं लागेल. पेशींना आपला पत्ता शेजाऱ्यांकडून काढावा लागतो, आणि म्हणूनच शेजारी गेला की त्यांना कळतं.

ज्युलियन मिलर यांचं २००४ चं काम यासाठी वाचावं. त्यांनी वोल्पर्टचाच झेंडा घेतला, एका पेशीपासून निळा-पांढरा-लाल झेंडा वाढवणारा पेशीचा प्रोग्रॅम उत्क्रांत केला. त्यातल्या एका झेंड्याची जबर मोडतोड केली तर तो स्वतःला परत जवळजवळ पूर्ववत करतो असं दिसलं. मी पहिल्यांदा ती चित्रं बघितली तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही.

मग २०२० मध्ये गूगलमधल्या अलेक्झांडर मॉर्डव्हिन्त्सेव्ह आणि सहकाऱ्यांनी न्यूरल सेल्युलर ऑटोमाटा आणले, त्यात मायकल लेव्हिन हे जीवशास्त्रज्ञही होते. प्रत्येक पेशीत १६ आकडे, आणि सगळ्या पेशींना सारखंच असं साधारण ८००० वजनांचं, म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं, छोटं न्यूरल नेटवर्क. एका पेशीपासून पाल वाढते. तिथे उत्क्रांती नाही, ग्रेडियंटने शिकवलंय, म्हणजे चूक किती ते बघून वजनं थोडी थोडी दुरुस्त करत, पण अडचणी आपल्याच आहेत. पहिल्या आवृत्तीत पाल छान वाढायची आणि शिकवलेले टप्पे संपले की काही पाली विरघळून जायच्या, काही पसरतच राहायच्या. कारण त्यांना वाढायला शिकवलं होतं, टिकायला नाही. मग वाढून झालेल्या पालीच परत सुरुवात म्हणून दिल्या, तेव्हा त्या टिकायला शिकल्या, आणि मुद्दाम तोडून दिल्या तेव्हा भरून यायला शिकल्या.

खटपट्या, म्हणून तुला एक विचारते. तू ६० व्या टप्प्यावर मोजतोस. ६१ व्या टप्प्यावर काय होतं ते कधी बघितलंस का?

खटपट्या | ८ जानेवारी, सकाळी ७:४५

नाही बघितलं. आता चालवून बघितलं. चेंडू ७० पर्यंत ठोकळ्याच्या भिंतींना टेकला, ८५ ला पूर्ण ठोकळा भरला. थांबणं त्याला माहीतच नाही.

निशिगंधा | ८ जानेवारी, दुपारी ३:००

थांबणं हे वाढण्याइतकंच मोठं काम आहे रे. गर्भात जे थांबत नाही त्याची किंमत आपल्याला माहीत आहे. एकाच टप्प्यावर गुण देऊ नकोस, ६०, ८०, १०० अशा तिन्ही ठिकाणी मोज आणि तिन्हीतले कमीतकमी गुण धर.

खटपट्या | २३ जानेवारी, रात्री १२:२०

मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय, आधी तुम्हा सगळ्यांचे आभार.

खालच्या भिंतीवर आईचं द्रव्य ठेवलं, तीन ठिकाणी मोजलं, टप्पे १०० केले. पहिल्या २०० पिढ्या वाईट गेल्या, सगळे चेंडूच, फक्त खालून चपटे. मग २३० च्या आसपास एका गर्भात मधल्या पेशी मरायला लागल्या. त्याचा एकेक टप्पा मी हाताने पुढे ढकलत बघितला. आधी भरीव गोळा वाढतो, साधारण १५ व्या टप्प्याला आतल्या पेशींत एक द्रव्य साचायला लागतं, बाहेरच्या पेशींतून ते हवेत निघून जातं पण मधल्यांना जागाच नाही, आणि ते एका मर्यादेच्या वर गेलं की मधल्या पेशी मरतात, आतून बाहेर, एकेक थर. बाहेरची भिंत वाचते कारण तिथे ते साचतच नाही. हे मी लिहिलेलं नाही हो! गर्दी मोजायची पद्धत त्याने स्वतः शोधली.

तोंड पिढी ६१० ला आलं. आईचं द्रव्य खालून वर पातळ होत जातं, अगदी वरच्या टोकाला ते जवळजवळ नसतं, आणि तिथल्या पेशी विभाजन करत नाहीत, मरतात. ३२ व्या टप्प्याला डोक्यावर एक खड्डा, ४० ला आरपार. बायकोला उठवून दाखवलं. १०० पर्यंत टिकलं, मग मी हौसेने ३०० पर्यंत चालवलं, तरी टिकलं.

मग रानवारांचं वाचून तुकडा तोडला. ४५ व्या टप्प्याला पोटाच्या बाजूने साधारण ६० पेशींचा भोकसा पाडला. कडेच्या पेशी विभाजन करायला लागल्या आणि ११ टप्प्यांत भोक बुजलं, भिंत पुन्हा एक चौकडी जाड. भरून येण्याला मी एकही गुण दिलेला नव्हता.

पण मग दुसऱ्यांदा तोडला, या वेळी वरच्या बाजूला, तोंडाची कड अर्धी काढून. कड परत आली आणि ती थांबलीच नाही, पुढे सरकत सरकत तोंडच बुजलं. आता ते बंद मडकं आहे, १००० टप्पे चालवलं तरी उघडत नाही. त्याला भोक आणि तोंड यातला फरकच कळत नाहीये. पोटाजवळ जे बरोबर तेच तोंडाजवळ चूक. काय करू?

लाकूडकाम | २३ जानेवारी, सकाळी ९:००

दादा जबरदस्त. माझ्या पोराला दाखवलं, तो दहावीत आहे, शाळेला जाईस्तोवर त्याचे प्रश्न संपले नाहीत. तोंडाला कड जाड करता येईल का? मडक्याला काठ असतोच, कुंभार तो वेगळा वळवतो.

निशिगंधा | २३ जानेवारी, दुपारी २:१५

लाकूडकाम, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. काठ वेगळा असायला हवा, आणि हायड्रामध्ये तो तसाच असतो.

हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातली अर्ध्या-एक सेंटीमीटरची नळी, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकं, खाली पाय. म्हणजे तुझं मडकंच. अब्राहम ट्रेम्बलीने १७४४ मध्ये त्यावरचे प्रयोग छापले, कापलं की दोन्ही तुकड्यांपासून पूर्ण हायड्रा. पोटाला जखम केली तर बुजते, पण डोकं कापलं तर तिथे नुसती जखम बुजत नाही, नवं तोंड येतं. म्हणजे त्याला फरक कळतो. कसा? एथेल ब्राउनने १९०९ मध्ये एका हायड्राच्या तोंडाजवळचा छोटा तुकडा दुसऱ्याच्या पोटावर लावला, तर तिथे दुसरं डोकं आणि दुसरं अंग फुटलं. म्हणजे तोंडाजवळच्या पेशी नुसत्या उरलेल्या पेशी नाहीत, त्या आजूबाजूला सांगतात की इथे तोंड आहे.

१९७२ मध्ये आल्फ्रेड गीरर आणि हान्स माइनहार्ट यांनी याचं गणित मांडलं. दोन द्रव्यं. एक स्वतःलाच वाढवतं आणि फार लांब जात नाही. ते दुसऱ्यालाही जन्म देतं, आणि हे दुसरं पहिल्याला दाबतं पण लांबवर पसरतं. त्यामुळे एक शिखर, म्हणजे पहिलं द्रव्य दाट असलेली एक जागा, टिकतं आणि जवळपास दुसरं उठू शकत नाही. शिखर कापून टाकलं तर दाबणारं द्रव्यही ओसरतं आणि उरलेल्या भागात जिथे तोंड बनण्याकडे कल सगळ्यात जास्त तिथे नवं शिखर उठतं. मुळात ही दोन द्रव्यांच्या झिरपण्यातून नक्षी उमटण्याची कल्पना अ‍ॅलन ट्युरिंगची, १९५२ सालची.

तुझ्या मडक्यात तोंड म्हणजे फक्त "आईचं द्रव्य नाही" अशी जागा आहे. नसण्यावरून काही सांगता येत नाही, भोकातही काहीच नसतं. तोंडाच्या काठाला स्वतःचं काहीतरी असायला हवं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम चाललंय, जमलं तर मुलाला घेऊन एकदा जिवंत हायड्रा सूक्ष्मदर्शकाखाली बघा, लाकूडकाम, कोल्हापूरहून फार लांब नाही.

रानवारा | २३ जानेवारी, रात्री ८:५०

ताईंच्या म्हणण्याला कोडमध्ये बसवायचं तर: तुझ्या झिरपणाऱ्या सगळ्या द्रव्यांचा वेग सारखा आहे ना? मग गीरर-माइनहार्ट जमणारच नाही, एक हळू आणि एक जलद हवंच. प्रत्येक द्रव्याचा झिरपण्याचा आणि विरण्याचा वेगही जीनोममध्ये टाक, तोही उत्क्रांत होऊ दे. आणि गुण देताना दर गर्भ दोनदा वाढव, एकदा न तोडता, एकदा काठ अर्धा तोडून. वेळ दुप्पट लागेल.

गणिती | २३ जानेवारी, रात्री ९:३०

मान्य, हे सीपीपीएनला जमणार नाही. वेळेचं म्हणाल तर माझ्याकडे ऑफिसातून निवृत्त झालेलं १६ कोअरचं मशीन पडून आहे, रात्री चालवायला देतो. खटपट्या, व्यक्तिगत निरोपात कोड पाठवा.

खटपट्या | २३ जानेवारी, रात्री ११:५५

पाठवला. द्रव्यं तीनाची पाच केलीत, दोघांचे वेग मोकळे सोडलेत, जनुकं २४ ची ३२. काठ ५० व्या टप्प्याला तोडतोय, डावा की उजवा ते दर वेळी फासा टाकून. पिढी ० आत्ता सुरू झाली.